पंचवीस हजार बाट म्हणजे नक्की किती?

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी सांगली जिल्ह्यातली. एम.ए. इंग्रजी, बी.एड. खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं झाली, हातात १८ हजार येतात. थायलंडच्या एका एजन्सीने कोराटमधल्या सरकारी माध्यमिक शाळेसाठी महिना २५ हजार बाट देऊ केले आहेत. म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये. खर्च जाऊन किती उरतील? जाऊ का?"

ताई म्हणालीस, तर एकेरीतच लिहिते. मी थायलंडमध्ये अकरा वर्षं शिकवलं. पहिली तीन वर्षं ईसानमध्ये, म्हणजे ईशान्य भागात, एजन्सीमार्फत. पुढची रायोंगला, आधी एजन्सीमार्फत आणि मग थेट शाळेच्या करारावर. निघायच्या आधी तुझ्यासारखाच गुणाकार मीही केला होता, एसटीत बसून, तिकिटाच्या मागच्या बाजूला. दर बरोबर धरला होता. चुकलं ते दुसरीकडेच.

२५ हजार वर्षातून किती वेळा मिळणार? बारा, अकरा की दहा? एजन्सीच्या पत्रात हे बहुधा लिहिलेलं नसेल, आणि सगळी गोम तिथेच आहे.

थाई शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या दहा-अकरा तारखेला संपतं, दुसरं १ नोव्हेंबरला उघडतं. कागदावर ते मार्चअखेरपर्यंत असतं, पण परीक्षा आटोपून मुलं मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच घरी गेलेली असतात. एप्रिलमध्ये १३ ते १५ सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष, आणि शाळा ओस. एजन्सीचे करार बहुतेक वेळा मेच्या मध्याला सुरू होऊन मार्चच्या मध्याला संपतात. झाले दहा महिने. काही एजन्स्या तर ऑक्टोबरचाही अर्धाच पगार देतात, शाळा बंद होती म्हणून. मेमध्ये पुन्हा नवा करार, शाळा तीच, वर्गही तोच. मधल्या दोन महिन्यांचं खोलीभाडं मात्र तुझ्या खिशातून.

बरं, प्रश्न फक्त पगाराचा नाही. तुझ्या व्हिसाची मुदतवाढ कराराच्या तारखेपर्यंतच असते. करार संपला की देश सोडायचा, आणि मेमध्ये परत नॉन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, परत वर्क परमिट, परत सगळ्या फिया. म्हणजे दहा महिन्यांच्या करारात उत्पन्न घटतं आणि खर्च वाढतो, दोन्ही एकदम.

आता कोराटचा हिशेब. कोराट म्हणजे नाखोन रात्चासीमा. मोठं शहर आहे, पण बँकॉकच्या मानाने स्वस्त. एकटीने नीट राहायचं, रडतखडत नाही, असं धरून महिन्याचे आकडे देते. खोली ३,५०० बाट: पलंग, कपाट, एसी, न्हाणीघर, स्वयंपाकघर नाही. वीज-पाणी १,३००. जेवण ६,०००. स्कूटरचं भाडं आणि पेट्रोल २,३००. फोन आणि इंटरनेट ५००. सामाजिक सुरक्षेची कपात ८०० च्या आसपास. कपडे, धुलाई, औषधं, शाळेतले वाढदिवस आणि वर्गण्या १,६००. बेरीज १६,०००.

बारा महिने पगार असेल तर वर्षाचे ३ लाख बाट, त्यातून खर्च १ लाख ९२ हजार. राहिले १ लाख ८ हजार. व्हिसाची मुदतवाढ १,९००, वर्षाचं वर्क परमिट ३,१००, मध्ये घरी यायचं तर री-एन्ट्रीचे १,०००, आणि मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट धरून साधारण १८ हजार बाट वजा कर. ९० हजार उरतात. बाटला अडीच रुपये धरले तर सव्वादोन लाख रुपये. वाईट नाही.

दहा महिने पगार असेल तर ५० हजार बाट आधीच कमी. दोन महिने तू सांगलीला आईच्या हातचं खाशील, तिथला खर्च वीसेक हजारांनी वाचेल. तरी हातात साठ हजार, म्हणजे दीड लाख रुपये. व्हिसा नव्याने काढायचे पैसे अजून धरलेले नाहीत.

आणि हे पहिल्या वर्षाला लागू नाहीच. पहिल्या वर्षात निघायच्या आधीच पैसे जातात: कागदपत्रांची साक्षांकनं, पोलीस दाखला, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, तिकीट. तिथे उतरल्यावर खोलीसाठी दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही जुनी रीत. मेच्या मध्याला रुजू झालीस तर पहिला पूर्ण पगार जूनअखेर. तोवर जगायला किमान ४० हजार बाट, म्हणजे लाखभर रुपये जवळ हवेत, तेही उसने नकोत. थोडक्यात, पहिलं वर्ष दहा महिन्यांच्या करारावर गेलीस तर शिल्लक शून्याच्या जरा इकडे नाहीतर जरा तिकडे. साठ-पासष्ट हजार पगार ऐकून घरचे कर्ज काढायला निघाले असतील तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.

काही खर्च फसवे असतात. वीज त्यातली पहिली. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास आहे, पण खोल्यांचे मालक स्वतःचं मीटर लावून सात-आठ घेतात. खोली बघताना भाड्याआधी हे विचार. मी पहिल्या एप्रिलमध्ये रात्रभर एसी लावला आणि बिल बघून दुसऱ्या दिवशी पंखा विकत आणला. पाणी मात्र स्वस्त: गल्लीच्या कोपऱ्यावर यंत्र असतं, एक बाट टाकला की लिटरभर शुद्ध पाणी. शाळेच्या खाणावळीत दुपारचं जेवण अनेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र असतं.

तू शाकाहारी असशील तर इथे थोडं थांबू या. थाई लोक भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, घालतात. आपण मीठ घालावं इतक्या सहज. 'भाजी' मागितली की भाजीच येते, पण मासा तिच्यात मुरलेला. 'जे' हा शब्द पाठ कर. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हा शब्द लिहिलेला दिसला की तिथे मांस-मासे काहीच नाही. त्यात कांदा-लसूणही नसतो, अगदी आपल्या उपासाच्या वळणाचं. अशी दुकानं असतात, पण शाळेच्या शेजारीच असतील असं नाही. मग रात्रीचं तूच करायचं. खोलीत गॅस चालत नाही; तांदूळ शिजवायचं विजेचं भांडं घे आणि त्यात खिचडी लाव. तूरडाळ आणि कणीक बँकॉकच्या फाहुरातमध्ये, तिथल्या भारतीय पेठेत, मिळते, पण आपल्यापेक्षा बरीच महाग. मी दर खेपेला मेतकूट, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी नेत असे. जेवणाचे ६,००० हे असं निम्मं घरी करूनचे आहेत. रोज पोळी हवी असेल तर दीड हजार वाढव.

आता जे बोलायला कुणाला आवडत नाही ते. त्याच शाळेत, त्याच शिक्षकखोलीत, इंग्लंड-अमेरिकेचा पासपोर्ट असलेला मुलगा ३५ ते ४० हजार घेत असेल. त्याची पदवी कुठल्याही विषयाची असेल, शिकवण्याचा अनुभव शून्य असेल. तुझं एम.ए. बी.एड. आणि सहा वर्षं, तरी २५. जाहिरातीतच 'मूळ इंग्रजीभाषक' आणि 'इतर' असे दोन दर छापलेले असतात. 'इतर'मध्ये आपण, आणि आपल्यापेक्षा संख्येने कितीतरी जास्त फिलिपिनो. खरं तर बाजारभाव तेच ठरवतात: १८-२० हजारांवरही काम करणारे फिलिपिनो शिक्षक आहेत, म्हणून एजन्सीला तुला ३० द्यायची गरज वाटत नाही. 'इतरां'कडे टोइक परीक्षेत ६०० गुणही मागतात. गोऱ्या मुलाला ती द्यावी लागत नाही. हे अन्यायाचं आहे, पण तिथे जाऊन बदलेल या आशेवर जाऊ नकोस. उच्चार बदलायचा प्रयत्नही करू नकोस. मी एक वर्ष अमेरिकन 'र' काढत होते. मुलांना काही फरक पडला नाही, माझा घसा तेवढा दुखला.

भाव वाढवायचा एक मार्ग आहे, आणि तो विचित्र आहे: इंग्रजी शिकवू नकोस. मोठ्या सरकारी शाळांमध्ये 'इंग्लिश प्रोग्रॅम' चालतो. तिथे गणित, विज्ञान, संगणक हे विषय इंग्रजीतून शिकवतात. या विषयांना गोरे उमेदवार फारसे मिळत नाहीत, त्यामुळे तिथे पासपोर्टपेक्षा पदवी बघतात आणि २८ ते ३५ हजार देतात. करारही बहुधा शाळा स्वतः करते, बारा महिन्यांचा. तुझी पदवी इंग्रजीतली आहे म्हणून तुला हे थेट जमणार नाही, पण बी.एस्सी. बी.एड. झालेली मैत्रीण असेल तर तिला हे आवर्जून सांग. तुझ्यासाठी रस्ता वेगळा: एक-दोन वर्षं एजन्सीत काढ, शिक्षक परिषदेची म्हणजे खुरुसफाची तात्पुरती परवानगी मिळव, मुख्याध्यापकांना तुझं काम दिसू दे, आणि मग थेट करार माग. बी.एड. असल्याने परवान्याच्या रस्त्यावर तू त्या गोऱ्या मुलाच्या पुढे आहेस. रायोंगला माझं असंच झालं. शाळा एजन्सीला जेवढे देत होती, त्यातला मोठा वाटा मधल्यामध्ये राहत होता. एजन्सी गेल्यावर माझा पगार सात हजारांनी वाढला आणि शाळेचेही पैसे वाचले.

काम किती? आठवड्याला १८ ते २२ तास, पन्नास-पन्नास मिनिटांचे. आपल्याकडच्या ३५-३६ तासांपुढे हे सुटीसारखं वाटेल. पण वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं, आणि सकाळी साडेसातला फाटकावर उभं राहून नमस्कार स्वीकारायची पाळी. आठला झेंडा. एका विषयाचे दहा-बारा वर्ग, म्हणजे आठवड्यातून एकदाच भेटणारी चारशेवर मुलं आणि त्यांचे गुण. शनिवारी 'इंग्लिश कॅम्प' काढतात, त्याचे पैसे वेगळे मिळतील का हे आधी विचार. मुलं गोड असतात, हे मात्र खरं. जूनमध्ये एका गुरुवारी 'वाइ ख्रू' होतं, मुलं गुडघ्यांवर येऊन शिक्षकांना फुलं देतात. 'ख्रू' म्हणजे आपला 'गुरू'च. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा पगार अडकला होता, तेही कारण असेल.

त्या उशिराची गोष्ट सांगते, कारण ती नेहमीची आहे. आधीच्या कराराचा मार्चचा पगार एजन्सीने दिलाच नव्हता. "शाळेकडून आम्हाला आलेले नाहीत" एवढं उत्तर. शाळा म्हणाली, आम्ही फेब्रुवारीतच दिले. मी कुणाशी भांडणार? व्हिसा त्यांच्याच कागदावर. शेवटी शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो बाईने तीन हजार उसने दिले आणि जूनमध्ये पगार आला. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला सांगते की पगार कुठल्या तारखेला होणार आणि शाळेचे पैसे आले नाहीत तरी होणार की नाही, हे करारात लिहून घे.

करारात आणखी एक गोष्ट बघ: तू 'कर्मचारी' आहेस की 'कंत्राटदार'. काही एजन्स्या सामाजिक सुरक्षेची कपात करत नाहीत आणि त्याऐवजी ३ टक्के कर कापतात. २५ हजारांवर ७५० बाट. वरवर दोन्ही सारखंच दिसतं. पण सामाजिक सुरक्षा असेल तर तुझ्या नावावर एक रुग्णालय लागतं आणि तीन महिन्यांचे हप्ते भरले की आजारपणाचे उपचार तिथे होतात. कंत्राटदाराला काहीच नाही. डेंग्यू झाला तर बिल तुझं. कापलेला ३ टक्के कर मात्र परत मिळतो. वर्षाच्या ३ लाखांतून १ लाख खर्चवजावट आणि ६० हजार व्यक्तिगत सूट गेली की १ लाख ४० हजार उरतात, आणि दीड लाखापर्यंत कर शून्य. मार्चअखेरपर्यंत विवरणपत्र भरलं की वर्षाचे नऊ हजारांपर्यंत बाट परत. कितीतरी जण भरतच नाहीत.

भारतातल्या कराचंही एक सांगते. नोकरीसाठी परदेशी निघालेली व्यक्ती त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिली तर ती अनिवासी. मेमध्ये निघालीस तर प्रश्नच नाही. पण नोव्हेंबरच्या सत्रासाठी ऑक्टोबरअखेर निघालीस तर एप्रिलपासूनचे दोनशेवर दिवस इथेच गेले, म्हणजे त्या वर्षी तू निवासीच. थायलंडचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, तिथलं बँक खातंसुद्धा. कर कदाचित लागणार नाही, पण दाखवणं चुकवू नकोस. अनिवासी झालीस की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या पैशांचं खातं, करून घे आणि तिकडून पाठवायच्या पैशासाठी एनआरई उघड.

आखाताचं विचारलं नाहीस, पण सांगलीत कुणीतरी "त्यापेक्षा दुबई बरी" म्हणणारच, म्हणून दोन शब्द. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत बी.एड.ला खरी किंमत आहे आणि पासपोर्टवरून दोन दर नसतात, कारण तिथले बहुतेक शिक्षक भारतीयच. आयकर नाही. पण शाळेने राहायची सोय केली नाही तर पगाराचा मोठा तुकडा भाड्यातच जातो. एकट्या बायका बहुधा खोलीतली एक खाट भाड्याने घेतात. पत्रात एकूण पगार ४,००० दिरहम दिसेल, मूळ पगार किती ते बघ. सेवाअखेरचं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मूळ पगारावरच मिळतं, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं. मूळ २,००० असेल तर वर्षाला १,४०० दिरहम, ४,००० असेल तर २,८००. खासगी शिकवणीसाठी तिथे डिसेंबर २०२३ पासून रीतसर परवाना मिळतो, त्यामुळे संध्याकाळचे दोन तास राजरोस कमावता येतात. थायलंडमध्ये वर्क परमिटवर जी नोकरी लिहिलीय तिच्याबाहेर शिकवायला जाऊ नकोस. सगळे करतात, आणि पकडला जातो तो 'इतर'मधलाच. शुद्ध शिलकीचा विचार केला तर तुझ्या पात्रतेला, राहायची सोय देणारी आखातातली शाळा कोराटच्या एजन्सीपेक्षा सरस. रोजचं जगणं मात्र मला थायलंडमध्ये मोकळं वाटलं. रात्री नऊला एकटी स्कूटरवर बाजारात जायचे, कुणी वळून बघत नसे.

एजंट म्हणेल, "व्हिसाशिवाय प्रवेश आहे, पर्यटक म्हणून या, इथे आल्यावर बदलून देऊ." ऐकू नकोस. वर्क परमिट हातात येण्याआधी वर्गात उभं राहणं बेकायदा आहे आणि धाड पडली तर एजंट फोन उचलत नाही. नॉन-बी इथूनच काढून जा. भारतातला एजंट असेल तर तो ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या आपल्या सरकारच्या संकेतस्थळावर, नोंदलेला आहे का ते बघ; नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि मुलाखत न घेता, वर्ग न बघता, विमानतळावर गाडी पाठवतो म्हणणाऱ्यापासून चार हात दूर. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली म्ये सोत या सीमेवरच्या गावातून म्यानमारमध्ये नेलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांना शिक्षकाच्या नव्हे, संगणकाच्या कामाची आमिषं होती, पण जाळं टाकायची रीत तीच.

शेवटचं कागदपत्रांचं, आणि हे खास आपल्याकडचं. तुझ्या पदवीवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं असं असेल, कदाचित आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालं असेल तर पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. थाई कारकुनाला या दोन वेगवेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. माझा परवाना या एका कारणाने चार महिने अडकला होता. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घे, विवाह नोंदणी दाखल्याची इंग्रजी प्रत सोबत ठेव, आणि सगळ्याच्या सहा-सहा प्रती.

म्हणजे तुझ्या प्रश्नाला उत्तर: दहा महिन्यांच्या करारावर २५ हजारांसाठी नको. बारा महिने, सामाजिक सुरक्षा आणि वर्क परमिटचा खर्च एजन्सीकडे असेल तर जा, पण तीन वर्षांचा बेत करून. एका वर्षासाठी जाण्यात तोटाच आहे. आज रात्री एजन्सीला मेल लिही: पगार किती महिने, ऑक्टोबरचा पूर्ण की अर्धा, मी कर्मचारी की कंत्राटदार, वर्क परमिटचे पैसे कोण भरणार. फोनवर सांगतो म्हणाले तर म्हण, मला लेखी हवंय. उत्तर आलं की नावं खोडून मला पाठव.